पाटीवरचा हिशेब

निवडणुकीच्या दिवसांत दाराच्या फटीतून आत सरकवली जाणारी पत्रके मी टाकून देत नाही. बँकेतल्या नोकरीने ज्या खोडी अंगाला चिकटल्या त्यांतली ही एक : छापील कागद हाती आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा दादरच्या आमच्या इमारतीत अशी आठ-दहा पत्रके जमली. पाण्याचा दाब, तुंबणारी गटारे, फुटपाथ, फेरीवाले, चाळींचा पुनर्विकास, दवाखाना, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. यादी लांबलचक होती आणि खोटीही नव्हती. शाळा मात्र बहुतेक पत्रकांत शेवटून दुसऱ्या ओळीत होती. 'दर्जेदार शिक्षण' एवढे दोन शब्द, की लगेच उमेदवाराचे चिन्ह. हे शिक्षण कोणाला, कुठल्या इमारतीत, किती शिक्षकांकडून आणि कोणत्या खर्चातून द्यायचे, याचा पत्ता नव्हता.

एक उमेदवार पदयात्रेत आमच्या जिन्यातही येऊन गेले. तरुण, नम्र, कामाचा माणूस. मी त्यांना विचारले, "शाळांचं काय करणार?" ते क्षणभर थांबले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "काका, आपल्याकडची मुलं आता म्युनिसिपालिटीच्या शाळेत जातात तरी कुठे?" त्यांच्यामागे उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. आमच्या मजल्यावरच्यांनीही डोलावल्या. या वाक्याचा मला राग आला नाही. पण ते डोक्यातून जाईना. 'आपल्याकडची' म्हणजे नेमकी कोणाची? आणि ज्या शाळेत आपली मुले जात नाहीत, तिचा हिशेब आपण विचारायचा नाही, असा नियम केव्हा झाला?

वाचकांपैकी ज्यांच्या नावावर घर आहे आणि ज्यांना मालमत्ता कर भरावा लागतो, त्यांनी एकदा त्या कराचे देयक बाहेर काढून नीट पाहावे. आकडा एकच दिसत असला तरी त्याच्या पोटात अनेक कर असतात. सर्वसाधारण कर, पाणी, मलनि:सारण, वृक्ष, पथ, आणि त्यांतच दोन ओळी : 'महापालिका शिक्षण उपकर' आणि 'राज्य शिक्षण उपकर'. यांतला दुसरा उपकर १९६२ च्या कायद्याने आला आणि आजतागायत आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी मिळाली, त्यामुळे चाळीतल्या अनेकांना हे देयक आता भरावे लागत नाही. पण करमाफीचे आश्वासन आणि 'दर्जेदार शिक्षणा'चे आश्वासन एकाच पत्रकावर आले की बँकेतल्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो : खर्चाची बाजू लिहिलीत, जमेची कुठे आहे?

शाळेचा पैसा कोठून यावा याची दोन उत्तरे आपल्याच या पट्ट्यात, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, तयार झाली. पहिले उत्तर गिरगावचे. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजींसारखी मंडळी आरंभी तिथे विनावेतन शिकवत होती आणि जगन्नाथ शंकरशेठांनी मुलींच्या शाळेसाठी जागा दिली. तीच परंपरा पुढे चालली. १८९७ साली गिरगावात आर्यन एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४० साली शिवाजी पार्कला दादासाहेब रेगे यांनी बालमोहन विद्यामंदिर काढले. देणगी, वर्गणी, शिक्षकांचा त्याग, पालकांची फी आणि नंतर सरकारी अनुदान, यांवर या शाळा उभ्या राहिल्या. मराठी मध्यमवर्ग 'आमची शाळा' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अशीच एखादी शाळा असते.

दुसरे उत्तर परळ-लालबागचे. गिरणीत बारा तास उभे राहणाऱ्या माणसाकडे वर्गणी देण्याची ऐपत नव्हती आणि जागा देणारा शेठही त्याच्या शेजारी राहत नव्हता. त्याच्या मुलासाठी एकच तिजोरी होती, ती सर्वांच्या कराची. १९२० साली मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ मध्ये महापालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले ते 'एफ' आणि 'जी' या दोन विभागांत. म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, माटुंगा, दादर, वरळी या भागांत. त्याच वर्षी गिरण्यांत साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध मोठा संप झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चाळींमधले दिवस कसे होते याची कल्पना येईल. पोटाला चिमटा बसत होता आणि पोराला शाळेत घाला म्हणून म्युनिसिपालिटीचा माणूस दारात येत होता.

या गोष्टीत एक बारीक तपशील आहे आणि तो मला फार मोठा वाटतो. त्या काळी महापालिकेसाठी मत देण्याचा हक्क सरसकट सर्वांना नव्हता. किती घरभाडे भरता यावर तो ठरत असे आणि एका खोलीत आठ-दहा जण राहणारा गिरणी कामगार त्या मापात सहसा बसत नसे. प्रौढ मतदानाने महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. याचा अर्थ असा, की परळच्या कामगाराच्या मुलाला हक्काची शाळा आधी मिळाली आणि त्याच्या बापाला मत नंतर मिळाले. ज्यांची मते मिळायची नव्हती त्यांच्या मुलांवर पैसा खर्च करायला त्या वेळचे सभागृह तयार झाले. आज प्रत्येकाला मत आहे आणि शाळा पत्रकाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत आहे.

ती शाळा काही कोणाच्या उदारपणाने सहज मिळालेली नव्हती. तिच्यामागे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे भांडण होते, आणि ते मुख्यतः पैशाचे भांडण होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, हा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. आजच्या भाषेत बोलायचे तर फुल्यांनी अंदाजपत्रकातल्या अग्रक्रमावरच बोट ठेवले. १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्यात खर्चाची वाटणीही सुचवली होती : दोन वाटे सरकारचे, एक वाटा स्थानिक संस्थेचा. पुढच्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. जे कलकत्त्याच्या कौन्सिलात जमले नाही ते बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच केले होते आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करून दाखवले.

मग आले बाबासाहेब आंबेडकर. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेला हा माणूस मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला तेव्हा त्यांनी भावनेची भाषा वापरली नाही. हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि आबकारीतून, म्हणजे दारूतून, दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचतात, हा आकडाही त्यांनी पुढे ठेवला. अर्थशास्त्राचा तो विद्वान सभागृहाला सांगत होता, की आकडे हीसुद्धा एक कैफियत असते. त्यांच्या त्या भाषणाला आता शंभर वर्षे होत आली. आपल्या प्रभागातल्या उमेदवाराकडून आपण तितका नाही, पण त्याच्या शतांश तरी हिशेब ऐकला का?

हा हिशेब कोणासाठी असतो ते मी १९८२ च्या संपात पाहिले. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलेला कारकून होतो. लालबाग-परळ भागातल्या शाखेत महिन्यामागून महिने एकच काम चालले होते : खात्यातली शिल्लक किमान आकड्यावर येत होती आणि आवर्त ठेवी मुदतीआधी मोडल्या जात होत्या. एकदा एका विणखात्यातल्या कामगाराने मुलाच्या नावाची ठेव मोडायला अर्ज दिला. मी भीतभीत विचारले, "मुलाच्या शिक्षणाची ना ही?" ते म्हणाले, "साहेब, पोरगा म्युन्सिपाल्टीच्या शाळेत हाय. शाळेचं काय अडत न्हाई. पोटाचं अडतंय." सगळे आधार एकेक करून सुटत असताना एक आधार त्या माणसाच्या हिशेबात पक्का होता. शाळेचे काय अडत नाही. सार्वजनिक शाळेची यापेक्षा चांगली व्याख्या मला नंतर कुठल्या अहवालात सापडली नाही.

आता प्रश्न असा, की ही शाळा सांभाळतो कोण? इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने स्वतंत्र स्कूल बोर्डे आली. लोक त्यांच्यासाठी वेगळे मतदान करत. संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना मत नव्हते तेव्हा लंडनच्या पहिल्याच बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोघी निवडून आल्या होत्या. अमेरिकेत ही पद्धत अजून आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे घरपट्टीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा शाळांकडे जातो, शाळा मंडळाचे उमेदवार वेगळे उभे राहतात आणि शिक्षक वाढवायचे की मैदान दुरुस्त करायचे यावर शेजारी-शेजारी हमरीतुमरीवर येतात. त्यातही दोष आहेत. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब, हा त्यांतला मोठा. पण उमेदवाराला शाळेबद्दल काही म्हणावेच लागते.

आपल्याकडे पुण्यासारख्या शहरांत महापालिकेची शिक्षण मंडळे होती. ती राजकीय सोयीची ठिकाणे झाल्याची तक्रार होती, ती खोटी नव्हती. २०१३ साली शासनाने ती रद्द करण्याचा निर्णय घेतला. मुंबईत वेगळे मंडळ नाही. महापालिकेची शिक्षण समिती आहे, तिच्यावर बहुसंख्य सदस्य नगरसेवकच असतात. म्हणजे आपण प्रभागाचा नगरसेवक निवडतो तेव्हा न कळत शाळा मंडळाचा सदस्यही निवडत असतो. गटाराची तक्रार ज्याच्याकडे न्यायची, वर्गातल्या रिकाम्या खुर्चीची तक्रारही त्याच्याकडेच न्यायची असते.

७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे २२७ प्रभागांपैकी एकातही नगरसेवक नव्हता. शिक्षण समितीही नव्हती. या काळात शिक्षणाचे अंदाजपत्रक प्रशासनातल्याच एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला सादर करायचे आणि त्यांनी मंजूर करायचे, असा रिवाज पडला. मी हे अधिकाऱ्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. पण बँकेत कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसला, तर तपासनीस आधी तेच पान उघडतो. रस्त्यांच्या खड्ड्यांवरून या चार वर्षांत पुष्कळ आरडाओरडा झाला. शाळांच्या अंदाजपत्रकावर चर्चाच झाली नाही, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

हे अंदाजपत्रक 'ई' या अक्षराने ओळखले जाते. २०२५-२६ या वर्षी ते ३,९५५ कोटी रुपयांचे होते आणि महापालिकेचे एकूण अंदाजपत्रक होते ७४,४२७ कोटींचे. शंभर रुपयांमागे सव्वापाच रुपये. हे थोडे की पुष्कळ, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. बरेच जण ही रक्कम विद्यार्थ्यांच्या संख्येने भागतात आणि 'एवढ्यात खासगी शाळेची फी भरून झाली असती' असे म्हणून मोकळे होतात. या भागाकारात गफलत आहे. या रकमेतून निवृत्त शिक्षकांची पेन्शनही जाते आणि खासगी अनुदानित प्राथमिक शाळांची अनुदानेही जातात. शिवाय राज्य शासनाकडून येणे असलेल्या अनुदानाची थकबाकी हजारो कोटींत आहे. सामान्य कर्जदाराचा हप्ता नव्वद दिवस थकला की त्याचे खाते आम्ही बँकवाले वेगळ्या रकान्यात टाकत होतो. शासनाच्या खात्याला असा रकाना नसतो.

खरे वाचायचे असते ते तीन आकडे : मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. कर्ज मंजूर झाले म्हणजे घर बांधले गेले असे नव्हे. पैसे उचलले किती आणि वीट बसली किती, ते पाहावे लागते. फेब्रुवारीत मोठी तरतूद जाहीर होते, वर्तमानपत्रांत ठळक मथळा येतो. पुढच्या फेब्रुवारीत तीच तरतूद सुधारित अंदाजात बारीक होते, तेव्हा मथळा येत नाही.

आणि मग अग्रक्रम. पालिकेच्या मुलांना गणवेश, दप्तर, वह्या, बूट अशा २७ वस्तू मोफत मिळतात. ही योजना वाईट आहे असे पावसात फाटकी चप्पल घालून शाळेत गेलेला कोणी म्हणणार नाही. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले गेले, त्याचाही गाजावाजा झाला. पण वस्तूचा एक गुण असा, की ती हातात देता येते, देताना छायाचित्र काढता येते आणि पिशवीवर नाव छापता येते. वर्गात रोज येणारा, मुलांची नावे आणि घरची परिस्थिती ठाऊक असणारा शिक्षक असा हातात देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि पुढे आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागे एक, असे प्रमाण ठरवून दिले आहे. पद रिकामे राहिले तर पगाराचे पैसे वाचतात, हिशेबात ती बचत दिसते. मुलाच्या पाटीवर मात्र ती तूट असते, आणि ती कुठल्याच रकान्यात येत नाही.

दुसरा अग्रक्रम भाषेचा. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. मराठी माध्यमाच्या शाळा गेल्या दहा-बारा वर्षांत शंभराहून अधिकांनी कमी झाल्या. त्याच काळात 'मुंबई पब्लिक स्कूल' हे नाव आले, सीबीएसई, आयसीएसई मंडळांच्या पालिका शाळा निघाल्या आणि तिथे प्रवेशासाठी झुंबड उडाली. मराठीचा कैवार घेणाऱ्या आम्हा मंडळींची नातवंडे कुठल्या माध्यमात शिकतात, हे प्रत्येकाने आपल्याच घरात पाहावे. लालबागच्या घरकाम करणाऱ्या बाईने मुलाला इंग्रजीत घातले तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही. पण ज्याने मराठी शाळेचा अभिमान मिरवून मत मागितले, त्याला मात्र विचारता येईल : त्या शाळेत इंग्रजीचा चांगला शिक्षक देणार की नाही?

तिसरा प्रश्न जागेचा, आणि आपल्या भागाला तो सर्वांत नाजूक आहे. गिरगावातली, परळमधली कुटुंबे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. इथल्या शाळांच्या इमारती ओस पडू लागल्या आणि तिकडे गोवंडी-मानखुर्दला एकेका वर्गात मुले मावत नाहीत. पैसा मुलांच्या मागे जायला हवा, हे न्यायाला धरून आहे. पण इथे उरलेली मुले कोणाची आहेत, तेही पाहिले पाहिजे. वॉचमनची, इस्त्रीवाल्याची, संक्रमण शिबिरातल्या कुटुंबाची, जुन्या चाळीत अजून तग धरून राहिलेल्यांची. त्यांची शाळा 'पटसंख्या कमी' म्हणून दुसऱ्या शाळेत विलीन झाली की सहा वर्षांच्या पोराला दोन मोठे रस्ते ओलांडावे लागतात, आणि रिकाम्या झालेल्या इमारतीखालच्या जमिनीचा भाव तेवढा सर्वांना ठाऊक असतो. उरलेल्या खोल्यांत रात्रशाळा चालवा, अभ्यासिका करा, बालवाडी भरवा. पण त्या जमिनीवर 'शाळा' हा शब्द टिकला पाहिजे, एवढे वचन तरी नगरसेवकाकडून घेता येईल.

दादरच्या मंडईजवळ भाजी विकणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांचा नातू पालिकेच्या शाळेत आहे आणि बाई शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा आणि त्याच्या आधारे अनुदान मागायचे, असे कायदा सांगतो. मी त्यांना विचारले, "ताई, तिथे तुम्ही काय करता?" मेथीची जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "सही करते." मग थोडे थांबून म्हणाल्या, "कशावर करते ते वाचून दाखवा म्हटलं तर दाखवतात हो. पण म्हणायचं सुचत नाही."

आपल्याकडे हिशेब विचारायची रीत नाही असे नव्हे. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला तेव्हापासून या भागातला प्रत्येक माणूस मंडळाचा जमाखर्च वाचत आला आहे. अहवालाची पुस्तिका आली की आधी वर्गणीदारांची यादी, मग मंडप, विद्युत रोषणाई, किरकोळ खर्च. 'किरकोळ'चा आकडा फुगला की वार्षिक सभेत कार्यकर्त्यांची पळता भुई थोडी होते. दहा दिवसांच्या उत्सवासाठी जी चिकित्सा आपण करतो, ती दहा वर्षांच्या शाळेसाठी करायला वेगळी अक्कल लागत नाही.

नवे नगरसेवक आता निवडून आले आहेत. पाच वर्षे ते आपल्याच गल्लीतून ये-जा करणार. त्यांना अडवून तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या प्रभागातल्या पालिका शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? गेल्या वर्षी शाळेसाठी मंजूर झालेल्यापैकी प्रत्यक्षात खर्च किती झाला? आणि व्यवस्थापन समितीची शेवटची सभा केव्हा झाली? उत्तर लगेच येणार नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर ते शोधून आणतील, कारण तिसऱ्यांदा कोणी विचारील याची त्यांना धास्ती वाटेल. आपले मूल त्या शाळेत नसले तरी विचारावे. उपकर आपण भरतो म्हणूनच केवळ नव्हे. ज्यांना सही कशावर करतो ते विचारायचे सुचत नाही, त्यांच्या शेजारी उभे राहून कोणीतरी "वाचून दाखवा" म्हणायला हवे, म्हणून.